पन्नासाचे बावन्न

माणसाला वीस सेकंद गप्प बसवणं हे माझं काम आहे. कोणी विचारलं तर मी एक्स-रे टेक्निशियन आहे असं सांगते, पण खरी मेहनत त्या वीस सेकंदांची.

अकोल्यात दातांच्या आणि जबड्याच्या एक्स-रेचं एक सेंटर आहे, तिथे मी सात वर्षांपासून आहे. साधा एक्स-रे सपाट असतो, भिंतीवरच्या सावलीसारखा. आमचं मशीन माणसाच्या डोक्याभोवती एक फेरी मारतं, फिरता फिरता शेकडो फोटो काढतं आणि कॉम्प्युटर त्यातून अख्खा जबडा पडद्यावर उभा करतो. मग तो हवा तसा उभा-आडवा कापून बघता येतो आणि कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर मोजता येतं. एक फेरी म्हणजे वीस सेकंद. तेवढ्या वेळात पेशंटने हलायचं नाही, आवंढा गिळायचा नाही, बोलायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी आमच्या वऱ्हाडात लोक मनावर घेतात. तिसरीचं काही सांगता येत नाही. मशीन फिरायला लागलं की कोणाला घरचा गॅस आठवतो, कोणाला मला माझं गाव विचारायचं असतं.

काकाजी त्यातले. हिवरखेडहून आले होते, बरोबर काकू. सत्तरी ओलांडलेली, अंगावर पांढरा सदरा, खिशात दोन पेनं आणि चुन्याची डबी. सरकारी नोकरीत आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता रिटायर. खालच्या बाजूच्या चार दाढा गेलेल्या, तिथे हाडात स्क्रू बसवून पक्के दात लावायचे होते. दातांच्या डॉक्टरांनी त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं, कारण खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते आणि स्क्रू तिला टेकला तर ओठ बधिर होतो. नसेच्या वर हाड किती आहे ते आधी नीट मोजावं लागतं.

मी त्यांना बसवलं, हनुवटी टेकवली, कपाळाला पट्टा लावला, सूचना दिल्या आणि काचेच्या खिडकीबाहेर आले. अर्धी फेरी होते न होते तोच आतून आवाज आला, "फिरून राहिलं काय वं?"

पडद्यावर जबड्याच्या कडा दुहेरी.

"काकाजी, मध्येच बोललात ना? हे बघा, दोन जबडे आलेत तुमचे."

काकूंनी पडद्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "बाप्पा! एक हाय तं घरात कोनाले बोलू देत नाईत, दोन घेऊन कुठी जाऊ मी?"

दुसऱ्यांदा एक्स-रे काढायला मला आवडत नाही. कमी असली तरी किरणं ती किरणंच. पण इलाज नव्हता. या वेळी काकू माझ्या शेजारी काचेपाशी उभ्या राहिल्या आणि पूर्ण वेळ नवऱ्याकडे डोळे वटारून बघत राहिल्या. फोटो सुरेख आला.

मी त्यांना तो दाखवला. हाडातली नसेची बारीक नळी, तिच्यावरचं हाड, आणि मी माउसने ओढलेली रेघ. बाजूला आकडा आला, तेरा मिलिमीटर.

"हे कोनं मोजलं?" काकाजींनी विचारलं.

"कॉम्प्युटरने."

"अन् त्याची साखळी कोनं तपासली?"

मला कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला जमीन लोखंडी साखळीने मोजत. कड्या झिजत, ताणल्या जात, वाकत. म्हणून रोज सकाळी शेतात उतरायच्या आधी ऑफिसच्या आवारातल्या दोन दगडांमध्ये साखळी लावून बघायची. दगडांमधलं अंतर पक्कं. साखळी जुळली तरच शेतात जायचं.

"कंपनीचं मशीन आहे काकाजी, काळजी करू नका."

"कंपनी काय शेतात येते?" म्हणत त्यांनी पिशवीतून स्टीलची फूटपट्टी काढली. "हे ठेवा माह्या जागी अन् फोटो काढा. फूट फूटच दिसते काय ते पाहू."

बाहेर चार पेशंट बसले होते. मी घाईने समजावलं की धातू चालत नाही. धातूतून किरणं नीट जात नाहीत, पडद्यावर नुसते पांढरे फटकारे उमटतात. एका बाईंचा जुना फोटोही दाखवला. दोन स्टीलच्या टोप्या घातलेले दात होते आणि पूर्ण चेहरा दिवाळीच्या अनारासारखा दिसत होता.

"मंग कशाचं चालते?"

"हाडासारखं काही पाहिजे. हाडात कॅल्शियम असतं ना, चुन्यात असतं तसं." त्यांच्या खिशातली डबी बघून मला उगाच विनोद सुचला. "तुमच्या डबीतला चुना पण चालेल."

मी हसले. ते हसले नाहीत. फूटपट्टी पिशवीत ठेवून निघून गेले. काकू दारातून मागे वळून म्हणाल्या, "बाई, तुमी गंमत केली, पन यायनं ते लिहून घेतलं असन."

चार दिवसांनी काकाजी परत हजर. हातात लाकडाचा ठोकळा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. जुन्या खाटेचा सागवानी पाय कापून गावच्या सुताराकडून घासून घेतला होता. त्यात बारीक भोकं पाडून चुना ठासून भरला होता आणि वाळवला होता. लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही दिशांनी भोकांच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीतलं अंतर पन्नास मिलिमीटर. सुताराने ते तीनदा बदलून दिलं, चौथ्यांदा हात जोडले, असं काकूंनी सांगितलं.

दुपारची जेवणाची वेळ होती, पेशंट नव्हते. एकदा करून टाकू म्हणजे पीडा टळेल, असा विचार करून मी ठोकळा हनुवटीच्या जागी ठेवला. हा पेशंट वीस सेकंद बिलकुल बोलला नाही.

चुन्याचे ठिपके पडद्यावर छान पांढरे उमटले. मी पहिल्या जोडीवर रेघ ओढली. बावन्न. ठिपक्यांच्या मध्यावर नीट लक्ष देऊन परत ओढली. बावन्न. दुसरी जोडी, तिसरी जोडी, तिन्ही दिशांना बावन्न.

"सुताराचं चुकलं असेल," मी म्हणाले.

काकाजींनी खिशातून कंपासपेटीतला डिव्हायडर काढला, ठोकळ्याला लावला, मग फूटपट्टीला लावला. पन्नास.

आता मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तेव्हा त्यांना सांगितली नाही. अशी तपासणी करायला कंपनीनेही एक वस्तू दिलेली असते. प्लास्टिकचं पारदर्शक नळकांडं, आत ठरावीक अंतरावर बारीक मणी. त्याला फँटम म्हणतात. दर सोमवारी ते मशीनमध्ये ठेवायचं, फोटो काढायचा, अंतरं मोजायची आणि रजिस्टरमध्ये 'ठीक' लिहून सही करायची. पंधरा मिनिटांचं काम. मी बडनेऱ्याला राहते. नवरा तिथेच रेल्वेत आहे, आणि रेल्वेवाल्याची बायको असूनही माझी सकाळची गाडी सोमवारी हमखास उशिरा यायची. सेंटरवर पोचेपर्यंत बाहेर रांग लागलेली. मग पंधरा मिनिटं वाचवायची म्हणून मी नुसतीच सही करायला लागले. आधी दर सोमवारी 'ठीक'च आलेलं, आजच काय होणार? नळकांडं कपाटातच राहत होतं.

मी ते काढलं, पुसलं, मशीनमध्ये ठेवलं. त्यातही तीच वाढ, पन्नासाला दोन जास्त.

मी मनात तारखा मोजल्या. एकोणीस दिवसांपूर्वी लाइटच्या झटक्याने मशीनचं पॅनेल, म्हणजे किरणं झेलून फोटो उमटवणारी पाटी, गेलं होतं. नागपूरहून इंजिनियर आला, नवीन पॅनेल बसवलं आणि सहाची गाडी पकडायला पळाला. म्हणजे तेव्हापासून मशीन सगळ्यांचं हाड आहे त्यापेक्षा मोठं दाखवत होतं.

आमच्या डॉक्टर मॅडम सेंटरच्या मालकीण. कमी बोलणाऱ्या, अमरावतीच्या असूनही. मी त्यांना बोलावून दोन्ही फोटो दाखवले. त्यांनी स्वतः मोजून बघितलं आणि विचारलं, "सोमवारच्या तपासण्या झाल्या होत्या ना?"

"हो," मी म्हणाले.

विचार करून म्हणाले नाही. तोंडातून निघून गेलं. मॅडमनी इंजिनियरला फोन लावला, रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. तो फोनवरच म्हणाला, "मॅडम, मी काम केल्यावर तुमच्याकडच्या तीन सोमवारच्या सह्या आहेत. तीनही वेळा ओके, परवाच्या सोमवारीसुद्धा. मतलब मशीन बरोबर होतं. जे बिघडलं ते आज नाहीतर काल बिघडलं. उद्या येतो ना मी."

मॅडमना हायसं वाटलं. "बरं झालं. म्हणजे काल-आजचेच चार-पाच पेशंट बघावे लागतील."

चार-पाच नाही, सदतीस होते, हे मला एकटीलाच माहीत होतं.

मी ठोकळा परत द्यायला बाहेर आले. काकाजी बाकावर बसले होते, काकू शेजारी संत्रं सोलत होत्या. मी ठोकळा दिला आणि तिथेच उभी राहिले. मग विचारलं, "काकाजी, नोकरीत तुमच्याकडून कधी चुकलं का हो?"

"चुकलं म्हनजे? मोजताना?"

"न मोजता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काकूंचा हात थांबला.

"एकदा झालं तसं," ते म्हणाले. "दोन भावायच्या शेताचा बांध होता. ऊन लय होतं. मी झाडाखाली बसून जुन्या नकाशावरून आकडे उतरवले, अन् मोक्यावर जाऊन मोजलं म्हनून सही ठोकली. बांध सरकला चार हात. दोघं भाऊ सालभर एकमेकाच्या दारात गेले नाईत."

"मग?"

"मंग काय. यायले झोप लागे ना," काकू म्हणाल्या. "मलेही लागू देत नव्हते. मीच म्हनलं, जा अन् सांगून या एकदाचं."

"साहेबाले सांगतलं. त्यायनं झापलं, मेमो देला. पन फेरमोजनी मले करू देली." त्यांनी संत्र्याची एक फोड उचलली. "मेमो अजून हाय घरी. कागद वाईट नसते, बाई. बांध वाईट असते."

त्यांना माझं किती कळलं होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही. काकूंनी संत्र्याच्या चार फोडी माझ्या हातावर ठेवल्या. त्या हातात तशाच धरून मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. तीन सोमवारच नाही, त्याआधीचेही.

मॅडमनी रजिस्टर जवळ ओढून मागची पानं उलटली. मग म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस, असं म्हणायला पाहिजे मला."

"हो मॅडम."

"पण मग सदतीस रिपोर्ट कोण दुरुस्त करेल? मला तर ते सॉफ्टवेअर धड उघडता येत नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्या नळकांड्यावर बोटभर धूळ होती. रजिस्टरवर तुझ्या सहीखाली माझी सही असते. मी तरी कधी कपाट उघडून बघितलं? आणि त्या फोडी खा आता, रस गळतोय."

आता प्रश्न हा की सदतीस लोकांना परत बोलवायचं का. परत बोलवायचं म्हणजे परत किरणं, तेही आमच्या चुकीपायी. मॅडमचं मन होईना. तेव्हा बाहेरून काकाजी दारात आले. त्यांना बोलावलं नव्हतं, पण आमचं दार पातळ आहे.

"फेरमोजनी कायले?" ते म्हणाले. "तुमची साखळी आखूड हाय, बस. आखूड साखळीनं शेत मोठं दिसते. पन सगळीकडं सारखीच आखूड असन तं गुनून घ्यायचं. आमी तसंच करो. बावन्नाचे पन्नास, म्हनजे सव्वीसाचे पंचवीस. पन आधी पाहा, आडवं, उभं, खोल, तिन्हीकडं सारखं हाय काय. एकीकडं जास्त अन् एकीकडं कमी असन, तं गुनाकार फसवते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी मॅडमकडे. सहा वर्षं शिकलेल्या बाई आणि सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेली टेक्निशियन, दोघी मोजणीवाल्याकडून त्रैराशिक शिकत होतो. मी नळकांडं सगळ्या बाजूंनी फिरवून परत परत फोटो काढले. मधोमध, कडेला, वर, खाली. फरक सगळीकडे तोच. पॅनेल लावल्याच्या दिवसापासून आजपर्यंतच्या फोटोंमध्येही तो तसाच आहे का, हे बघायला एका पेशंटचं जुन्या पॅनेलवरचं आणि नवं लावलं त्याच दिवशीचं हाड ताडून पाहिलं. तिथेही पन्नासाला दोनचाच फरक. म्हणजे गुणाकार चालणार होता.

आम्ही यादी केली आणि मॅडम एकेका डॉक्टरला फोन करायला लागल्या. एरवी कमी बोलणाऱ्या मॅडम त्या दुपारी जितकं बोलल्या तितकं मी सात वर्षांत ऐकलं नव्हतं. प्रत्येक फोनवर पहिलं वाक्य एकच, "चूक आमची आहे." कोणी चिडलं, कोणी हसण्यावारी नेलं. "मॅडम, आम्ही वऱ्हाडी माणसं, आमचे जबडे मोठेच," असंही एकाने ऐकवलं. बऱ्याच जणांनी भरपूर हाड सोडून स्क्रू निवडले होते, त्यांना फरक पडत नव्हता.

एक फोन मात्र लागेना. अमरावतीचे डॉक्टर होते, आणि त्यांच्या पेशंटचं, एका शाळेतल्या बाईंचं, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. रिपोर्टमध्ये हाड तेरा मिलिमीटर दिलेलं, खरं साडेबारा.

"मी जाते," मी म्हणाले.

बडनेऱ्याला उतरून घरी न जाता ऑटोने अमरावती गाठली. दवाखाना बंद व्हायच्या वेळी पोचले. डॉक्टर तरुण होते, फोन चार्जिंगला लावून विसरले होते. मी नवा रिपोर्ट दिला आणि काय झालं ते सांगितलं, सह्यांसकट. त्यांनी कॉम्प्युटरवर आपला नकाशा उघडला. अकरा मिलिमीटरचा स्क्रू ठरवला होता. नसेच्या वर दोन मिलिमीटर सोडायचे असतात, उरत होते दीड.

"नसेला लागला नसता बहुतेक," ते म्हणाले.

"बहुतेक," मी म्हणाले.

त्यांनी कपाटातून साडेनऊचा स्क्रू काढून ट्रेमध्ये ठेवला आणि आधीचा परत ठेवून दिला. "पण तुम्ही स्वतः कशाला आलात एवढ्या लांब? फोटो पाठवायचा ना."

"तुमचा फोन चार्जिंगला होता."

ते लाजले. मला चहा पाजला. शाळेतल्या बाईंचं ऑपरेशन नीट झालं. त्यांना यातलं डॉक्टरांनी सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. मॅडमनी मात्र लेखी कळवलं होतं, त्या बाईंना आणि बाकी सगळ्या पेशंटनाही.

दुसऱ्या दिवशी नागपूरचा इंजिनियर आला. आधी मान्य करेना. मॅडमनी त्याच्यापुढे नळकांडं ठेवलं, आणि शेजारी तो ठोकळाही, कारण काकाजी तो आमच्याकडेच ठेवून गेले होते. त्याने लॅपटॉप जोडला, तासभर शोधलं, आणि मग मान खाली घातली. पॅनेल बदलल्यावर त्याने सेटिंगची फाइल घातली होती ती जुन्या मॉडेलची. किरणांच्या नळीपासून पॅनेलपर्यंतचं अंतर त्यात वेगळं होतं. कॉम्प्युटर बिचारा चुकीच्या अंतरावरून बरोबर गणित करत होता.

"गाडी पकडायची होती," तो म्हणाला.

मला त्याला काही बोलायचा अधिकार नव्हता. माझीही गाडीच होती.

फाइल बदलून त्याने परत फोटो काढला. पन्नासाचे पन्नास आले. मग मी रजिस्टर उघडलं, न केलेल्या तपासण्यांच्या सह्यांवर लाल रेघ मारली आणि प्रत्येकीपुढे 'तपासणी केली नव्हती' असं लिहिलं. मागची पानं उलटत गेले तशी लाल शाई कमी पडायला लागली. मॅडमनी आपलं पेन दिलं. पगारवाढ त्या वर्षी झाली नाही, आणि मी विचारलंही नाही.

तेव्हापासून सोमवारी पहिला पेशंट अर्धा तास उशिरा घेतो. लोक कुरकुर करतात. एक आजी तर म्हणाली, "मशीनचाच एक्स-रे काढतेत, माणसाचा कधी काढतेत बाप्पा?"

काकाजींच्या जबड्याचे तेराचे साडेबारा झाले. त्यांच्या डॉक्टरांनी त्याप्रमाणे स्क्रू निवडले आणि काही महिन्यांनी दात बसले. मग एक दिवस काकूंचा फोन आला, रविवारी जेवायला या म्हणून. मी आणि नवरा हिवरखेडला गेलो. अंगणात गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजत होते, वांग्याची भाजी झाली होती. काकाजी नव्या दातांनी भाजलेले फुटाणे चावत बसले होते, आणि प्रत्येक फुटाण्याचा आवाज आम्हाला ऐकू जाईल याची काळजी घेत होते.

नवऱ्याने दोन रोडग्यांवर हात वर केले. काकू म्हणाल्या, "रेल्वेचा मानूस अन् दोनातच थांबला? काहून, सिग्नल नाई भेटला काय?" तिसरा पानात पडला, त्यावर तूप. माझ्याही पानात पडला. तो संपेपर्यंत अकोल्याची बस निघून गेली, पुढची तासाभराने होती. तेवढ्यात काकाजींनी नवऱ्याला शेत दाखवायला नेलं. मी आणि काकू अंगणात बसून भांडी आवरत राहिलो.